दुखणें अंगाचें कीं कामाचें ?

मध्यमवर्गीय घरांत संध्याकाळीं ज्या तक्रारी ऐकूं येतात त्यांत अंगदुखीची तक्रार सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कचेरींतून परतलेल्या गृहस्थाची मान अवघडलेली असते. स्वयंपाकघर आवरून बाहेर आलेली गृहिणी कमरेला हात लावून बसते. परीक्षेसाठीं दिवसभर लिहीत बसलेला मुलगा मनगट झटकीत असतो. त्यांना मिळणारीं उत्तरेंहि ठरलेलीं असतात. गृहस्थाला "आतां वय झालें" असें सांगण्यांत येतें, गृहिणीचा वात बळावला असा निर्णय होतो, आणि मुलाच्या वाट्याला 'अंगचोर' हें विशेषण येतें. या तिन्ही उत्तरांत एकच दोष आहे. तीं दुखणाऱ्या अंगाकडे पाहतात. त्या अंगाकडून दिवसभर जें काम करवून घेतलें त्याकडे पाहत नाहींत.

हें दुखणें थोड्याथोडक्यांचें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेल्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांतील सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसें कंबरदुखीनें त्रस्त होतीं, आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढें जाईल. यांतील प्रत्येक दुखणें कामांतूनच उद्भवलें असें कोणी म्हणणार नाहीं. वय, वजन, जुन्या दुखापती, झोपेचा अभाव, मनावरील ताण या सर्वांचा त्यांत वाटा असतो. परंतु वय कमी करतां येत नाहीं. काम करण्याची रीत मात्र बदलतां येते. म्हणूनच दुखण्यांतील कामाचा वाटा ओळखणें अगत्याचें आहे.

ही ओळख वैद्यकाला प्रथम स्पष्टपणें करून दिली ती इटलींतील बर्नार्दिनो रामात्झिनी या वैद्यानें. त्याचा जन्म १६३३ चा. मोदेना येथें तो वैद्यकाचा अध्यापक असतांना त्याच्या घराचा शौचकूप साफ करणाऱ्या कामगाराची घाई आणि त्याचे चुरचुरणारे डोळे पाहून तो विचारांत पडला, आणि त्यानें निरनिराळ्या धंद्यांतील माणसांचे रोग अभ्यासण्याचें व्रत घेतलें. श्रीमंतांच्या वाड्यांत वावरणारा हा विद्वान् सोनार, कुंभार, विणकर, पाथरवट यांच्या कोंदट कारखान्यांत जाऊन उभा राहूं लागला. १७०० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लॅटिन ग्रंथांत चाळीसांहून अधिक धंद्यांच्या रोगांचें विवेचन आहे. रोग्याला विचारावयाचे प्रश्न प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीस यानें घालून दिले होते. त्यांत रामात्झिनीनें एका प्रश्नाची भर घातली : तुमचा धंदा कोणता?

त्याच्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति १७१३ सालीं निघाली. तींत लेखनिकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आजच्या कारकुनानें तें वाचलें तर त्याला आपलेंच वर्णन वाचल्यासारखें वाटेल. लेखनिकाच्या रोगांचीं रामात्झिनीनें तीन कारणें दिलीं : एकाच जागीं सतत बसणें, हाताची एकच एक हालचाल अविरत करणें, आणि चूक होऊं नये म्हणून मन सदैव ताणलेलें असणें. त्यानें एका लेखनिकाची हकीकतहि दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. तेव्हां त्यानें मोठ्या कष्टानें डाव्या हातानें लिहिण्याचा अभ्यास केला. आणि कांहीं काळानें तोच रोग डाव्या हातालाहि जडला. हात बदलला तरी काम तेंच राहिलें, हा त्या हकीकतींतील बोध आहे. तीनशें वर्षांनंतर बोरूची जागा संगणकाच्या कळफलकानें घेतली. तीं तीन कारणें मात्र जशींच्या तशीं उभीं आहेत.

काम शरीराला कसें दुखवितें हें समजून घेण्यासाठीं प्रथम स्नायूंचा धर्म पाहिला पाहिजे. चालतांना पायांचे स्नायु आळीपाळीनें आवळतात आणि सैल होतात. प्रत्येक वेळीं सैल होतांना त्यांत ताजें रक्त शिरतें, म्हणून माणूस तासन् तास चालूं शकतो. याच्या उलट रिकामा हात खांद्याच्या रेषेंत आडवा धरून पाहावा. हातांत कांहींच वजन नसतें, हालचालहि नसते; तरी थोड्याच मिनिटांत खांदा भरून येतो. आवळूनच राहिलेला स्नायु आपल्यांतील रक्तवाहिन्यांना दाबून धरतो, त्यामुळें त्याला पुरेसें रक्त मिळत नाहीं, आणि तो लवकर थकतो. शिलाईयंत्रावर वाकलेला शिंपी, मोबाइलवर मान झुकवून बसलेला विद्यार्थी, पडद्याकडे टक लावून बसलेला हिशेबनीस, हे तिघेहि बाह्यतः स्वस्थ दिसतात. वस्तुतः त्यांच्या मानेचे आणि खांद्यांचे स्नायु एकसारखे राबत असतात. माणसाच्या डोक्याचें वजन सुमारें पांच किलो असतें. तें मानेवर सरळ तोललेलें असतां फारसें जाणवत नाहीं. पुढें झुकलें कीं मागील स्नायूंना तें दोरीनें ओढून धरल्यासारखें धरावें लागतें. "नुसतें बसून काय दुखतें ?" या प्रश्नाचें उत्तर हें आहे कीं, नुसतें बसणें हेंहि स्नायूंना एक कामच आहे.

दुसरी गोष्ट कंडरांची. स्नायूला हाडाशीं जोडणारी जी चिवट दोरी तिला कंडरा म्हणतात. हाताच्या कंडरा कित्येक ठिकाणीं एका गुळगुळीत म्यानांतून सरकतात. तीच हालचाल जोर लावून हजारों वेळां झाली, आणि मध्यें विसावा मिळाला नाहीं, तर म्यान सुजतें वा जाड होतें आणि दोरी अडकूं लागते. अंगठ्याच्या बाजूला मनगटांत होणाऱ्या अशा दुखण्याचें वर्णन स्विस शल्यवैद्य फ्रिट्झ द केरव्हां यानें १८९५ सालीं केलें आणि त्याचेंच नांव त्या दुखण्यास मिळालें. तान्ह्या मुलाला वारंवार काखेंत हात घालून उचलणाऱ्या आयांना तें पुष्कळदां होतें. मनगटांत तळहाताच्या बाजूस हाडें आणि एक घट्ट पट्टा यांनीं बनलेलें अरुंद भुयार असतें. त्यांतून बोटें मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतु जातो. तेथें सूज आली कीं मज्जातंतु चेपला जातो; अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट यांना मुंग्या येतात, आणि रात्रीं झोपेंतून उठून हात झटकावा लागतो. मधुमेह, गरोदरपण, कंठग्रंथीचे विकार यांतहि हें दुखणें होतें; म्हणून एकट्या कामावर दोष ठेवून मोकळें होणें बरें नव्हे. परंतु जोर, वारंवारता आणि मुडपलेलें मनगट हीं तिन्ही एकत्र आलीं कीं त्याची शक्यता वाढते, यांत संशय नाहीं.

तिसरी गोष्ट कण्याची; आणि ती समजण्यास शाळेंत शिकलेला तरफेचा नियम पुरेसा आहे. पुढें वाकून वस्तु उचलतांना कंबरेचा मणका हा टेकू होतो. पाठीचे स्नायु त्या टेकूच्या मागें जेमतेम पांच सेंटिमीटरवर असतात. हातांतील ओझें मात्र पन्नास सेंटिमीटर पुढें असूं शकतें. ओझें दसपट दूर असल्यामुळें तें तोलण्यास स्नायूंना दसपट बळ लावावें लागतें. म्हणजे दहा किलोची पाण्याची बादली हात लांबवून उचलणारा माणूस, केवळ त्या बादलीसाठीं, पाठीवर शंभर किलोंचा ताण घेतो. शिवाय वाकलेल्या धडाचें वजन निराळेंच. तीच बादली अंगाजवळ, पंचवीस सेंटिमीटरवर आणली कीं हा ताण निम्मा होतो. 'ओझें अंगाशीं धरून उचला' या उपदेशामागें एवढेंच गणित आहे.

दोन मणक्यांच्या मध्यें लवचीक चकती असते. ती सरकून वा फुटून जवळच्या मज्जातंतूवर दाब आणते आणि पायांत कळ उतरते, ही गोष्ट अमेरिकेंतील बॉस्टनचे शल्यवैद्य विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनीं १९३४ सालीं सप्रमाण मांडली. तेव्हांपासून कंबर दुखली कीं "चकती सरकली" असें म्हणण्याची प्रथा पडली. पण तिचा आतां अतिरेक झाला आहे. ज्यांची पाठ कधींच दुखली नाहीं अशा पुष्कळ माणसांच्या चित्रांतहि चकत्यांची झीज आणि फुगवटे दिसतात. बहुतेक कंबरदुखी साध्या ताणाची असते आणि कांहीं आठवड्यांत ओसरते. म्हणून चित्रांतील प्रत्येक रेषेनें भयभीत होण्याचें कारण नाहीं.

एवढें शास्त्र ध्यानांत आलें म्हणजे पुढचा प्रश्न उभा राहतो : दुखणें कामांतून आलें असेल तर त्याचा जबाबदार कोण ? फार काळपर्यंत सर्वत्र एकच उत्तर मिळत असे, कामगार स्वतः. तारकचेऱ्यांत कळ दाबून दाबून ज्यांच्या बोटांत पेटके येत त्यांना दुबळ्या प्रकृतीचे ठरवीत. ब्रिटनमध्यें मात्र १९०८ सालीं तारमास्तरांचा हा पेटका भरपाईस पात्र अशा रोगांच्या यादींत घालण्यांत आला. आणि एक खाजगी दुबळेपणा एका दिवसांत धंद्याचा रोग झाला. रोगाचें लक्षण एका अक्षरानेंहि बदललें नव्हतें. बदलली होती ती पाहणाऱ्याची दृष्टि. आपल्याकडील १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादींत एकोणतीस नोंदी होत्या. शिसें, पारा आणि फॉस्फरस यांची विषबाधा, दगडाच्या धुळीनें होणारा फुफ्फुसरोग, गोंगाटानें येणारा बहिरेपणा हीं सर्व तींत होतीं. वाकून वाकून मोडलेल्या कमरेला मात्र तींत जागा मिळालेली नव्हती. ज्याची नोंद नाहीं तें मोजलें जात नाहीं, आणि जें मोजलें जात नाहीं तें टाळण्याची निकड कोणासहि वाटत नाहीं.

दृष्टि बदलली म्हणजे काय होऊं शकतें याचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत घडलें. तेथील सॅलडच्या पाल्याच्या आणि बीटाच्या मळ्यांत मेक्सिकन वंशाचे मजूर एका आंखूड खुरप्यानें विरळणी करीत. त्याचा दांडा सुमारें फूटभर लांब. त्यामुळें मजुराला सबंध दिवस कंबरेंतून दुणावून राहावें लागे. लांब दांड्यानें रोपें दुखावतील, काम नेटकें होणार नाहीं, असें मळेवाले सांगत. खरी सोय दुसरीहि होती : सगळे वाकलेले असतांना जो पाठ सरळ करील तो मुकादमाच्या नजरेंत ताबडतोब भरे. मजुरांनीं आणि त्यांच्या वकिलांनीं दावा मांडला, डॉक्टरांनीं कण्यांच्या झिजेची साक्ष दिली, आणि १९७५ सालीं तें अवजार तेथें बंद झालें. लांब दांडे आले. मळे पूर्वींप्रमाणेंच पिकत राहिले. इतक्या पाठी ज्या अटीसाठीं खर्ची पडल्या ती अट आवश्यक नव्हतीच, हें तेव्हां कळलें.

ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. शहरांतील जवळजवळ प्रत्येक सुशिक्षित घरांत एक आंखूड दांडा आजहि आहे. तो केरसुणीचा. घरकामास येणाऱ्या बाई एका सकाळींच चार-पांच घरें करतात. प्रत्येक घरांत कंबरेंतून वाकून केर, मग उकिडवें बसून फरशी, मग भांडीं, आणि मग भिजलेल्या चादरी पिळणें. एका गृहिणीला जें काम अर्धा तास करावें लागतें तें या बाईला पांच पटींनीं, सणवार सोडल्यास विश्रांतीवांचून, करावें लागतें. तासन् तास उकिडवें बसून करावयाच्या कामाचा गुडघ्यांच्या झिजेशीं संबंध असल्याचें आढळलें आहे. बाईला लांब दांड्याचा झाडू किंवा पोंछा द्यावा असें सुचविलें तर पुष्कळ घरांतून उत्तर येतें कीं, त्यानें कोपरे स्वच्छ होत नाहींत. मळेवाल्यांचें उत्तरहि अगदीं याच जातीचें होतें. बाईंना काय सोयीचें पडतें हें त्यांनाच विचारावें, आणि त्या सांगतील तें साधन आणून द्यावें. त्यास फारसा खर्च नाहीं.

खुद्द गृहिणीच्या कामाचा विचारहि याच दृष्टीनें व्हावयास पाहिजे. जातें गेलें, पाटा-वरवंटा बहुतेक घरांतून अडगळींत गेला, हें बरेंच झालें. त्यांच्या जागीं ओटा आला. पण ओटा बांधतांना गवंडी सर्व घरांत एकच उंची धरतो. ठेंगण्या स्त्रीला त्यावर पोळ्या लाटतांना खांदे उचलून धरावे लागतात, आणि उंच स्त्रीला कंबर वाकवावी लागते. जोर लावून करावयाच्या कामासाठीं ओटा कोपरापेक्षां थोडा खालीं असावा, हा साधा नियम आहे. नवा ओटा बांधणें शक्य नसेल तर ठेंगण्या स्त्रीनें पायांखालीं रुंद, न डळमळणारा पाट घ्यावा. उंच स्त्रीनें पोळपाटाखालीं फळी घ्यावी. कणीक मळणें, लाटणें आणि चिरणें हीं कामें एका दमांत न उरकतां मधून दुसरें हलकें काम घ्यावें. आणि घरांत चार धड हात असतांना कपडे पिळण्याचें काम दोनच हातांनीं कां करावें, हा प्रश्न वैद्यकाचा नसून न्यायाचा आहे.

ओझ्याच्या कामांतहि माणसानें ठरविलें म्हणून फरक पडला. एके काळीं धान्याचें शंभर किलोंचें पोतें हमालाच्या पाठीवर सर्रास चढे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालीं एका प्रौढ पुरुषानें उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. पोतें पन्नास किलोंचें असावें ही मागणी पुण्याच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनीं लावून धरली. पन्नास किलो हेंहि कांहीं फूल नव्हे. परंतु शंभरांतून पन्नास वजा झाले ते कोणाचें अंग अधिक बळकट झालें म्हणून नव्हे, तर पोतें लहान झालें म्हणून. शेतीच्या अवजारांतहि असेच प्रयत्न झाले आहेत. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाचा दातेरी पात्याचा 'वैभव' विळा हा त्यांतील एक. शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या दप्तराचें वजन त्यांच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावें, असें केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणांत म्हटलें आहे. घरच्या तराजूवर दप्तर एकदां ठेवून पाहिलें तर त्या धोरणाची बूज किती राखली जाते हें प्रत्येक पालकाला कळेल.

बसून दुखतें तसें उभें राहूनहि दुखतें. कापडाच्या मोठ्या दुकानांत विक्रीचें काम करणाऱ्या मुलींना गिऱ्हाईक नसतांनाहि बसण्याची मनाई असे. केरळांतील स्त्रियांनीं याविरुद्ध चळवळ केली, आणि २०१८ सालीं तेथें त्यांना बसण्याची सोय देणें कायद्यानें बंधनकारक झालें. तामिळनाडूनें २०२१ सालीं तसाच कायदा केला. एका स्टुलासाठीं कायदेमंडळापर्यंत जावें लागलें, याबद्दल समाजाला थोडें ओशाळें वाटावयास हरकत नाहीं.

आतां ज्याचें अंग आज दुखत आहे त्यानें काय करावें ? पहिली गोष्ट, आदर्श बैठक शोधण्याच्या भरीस पडूं नये. कोणतीहि बैठक फार वेळ धरली कीं वाईटच. अर्ध्या-पाऊण तासानें उठावें, चार पावलें चालावें, खांदे मोकळे करावे. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या समोर, पाय जमिनीला टेकलेले, मनगट सरळ, एवढें पाहावें. दुसरी गोष्ट, साध्या कंबरदुखींत अंथरूण धरूं नये. पूर्वीं आठवडेच्या आठवडे पडून राहण्यास सांगत. आतांचें वैद्यक सांगतें कीं सोसेल तितकें हिंडतें-फिरतें राहावें आणि कामावर लवकर, पण बेतानें परतावें. तिसरी गोष्ट, कमरेच्या पट्ट्यावर आणि मलमांवर फार भिस्त ठेवूं नये. नियमित चालणें आणि पाठीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम यांचा उपयोग अधिक टिकाऊ. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी वा शौच यांवरील ताबा जाणें, मांड्यांच्या आंतील बाजूस बधिरपणा येणें, पायांतील शक्ति कमी होत जाणें, यांपैकीं कांहीं झालें तर एक तासहि न दवडतां रुग्णालय गांठावें. ताप, विनाकारण वजन घटणें, अथवा रात्रीं झोपूं न देणारी कळ असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ 'कोठें दुखतें' एवढेंच न सांगतां दिवसभर काय करतों, किती वेळ करतों, कशानें करतों, आणि सुटीच्या दिवशीं दुखणें कमी होतें कीं नाहीं, हेंहि सांगावें. रामात्झिनीचा प्रश्न विचारण्यास डॉक्टर विसरले तरी रोग्यानें उत्तर द्यावयास विसरूं नये.

तोच प्रश्न घरांतहि विचारला गेला पाहिजे. बाई "आज पाठ धरली आहे" म्हणाल्या, शिंप्यानें मान चोळली, मुलानें हात झटकला, तर "वय झालें", "सवय नाहीं", "आळस आहे" हे निर्णय देण्यापूर्वीं काम कोणतें, साधन कोणतें आणि विसावा किती, एवढें पाहावें. दांडा लांब करणें, ओझें लहान करणें, पाट पायांखालीं घेणें, मधून उठणें, काम वांटून घेणें, यांतील एकहि उपाय औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. ते उपाय काम सांगणाऱ्याच्या हातीं असतात. आणि बहुतेक सुशिक्षित घरांत कोणी ना कोणी, कोणाला ना कोणाला, काम सांगत असतो.